हंडा किती ठिकाणी टेकला

माणसाने मोठ्या मनाचं असावं, असं सगळेच सांगतात. सांगणाऱ्यांच्या बहिणी बहुधा जिवंत असतात. मी मोठ्या मनाची नाही. एका माणसाचा वचपा काढायला मिळावा म्हणून मी पाच वर्षं वाट बघितली, आणि तो हाताशी आला तेव्हा हात मागे घेतला नाही. काय केलं ते सांगते. ऐकून कुणाला माझा राग आला तर खुशाल येऊ दे.

मी नर्स. साखरशेतच्या बाजूच्या भात-नाचणीच्या घरातली. वावरला भुकेने मुलं दगावली तेव्हा मी प्रशिक्षणाला होते. त्यानंतर आमच्या भागात गाड्या आल्या आणि गाड्यांमागून फॉर्म आले. वजनाचे, उंचीचे, दंडाच्या घेराचे. एखाद्या वर्षी वरई पिकत नाही, फॉर्म मात्र दरवर्षी पिकतात. ते भरतच मी नोकरीत मुरले. कागदावर माणूस कसा ठणठणीत असतो आणि पाड्यावर कसा संपतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरीही फसलेच.

माझी धाकटी बहीण माझ्याहून आठ वर्षांनी लहान. लहानपणी तिला ताप आला, सांधे सुजले. सूज आज गुडघ्यात तर उद्या घोट्यात. आईने निरगुडीचा पाला गरम करून बांधला आणि ताप उतरला. पण उतरता उतरता तो हृदयाची झडप खराब करून गेला, हे कळायला दहा वर्षं गेली. हृदयाच्या खोल्यांना दारं असतात. तिचं डावीकडचं एक दार जाड होऊन अर्धवटच उघडायचं. रक्त मागे तुंबायचं आणि फुप्फुसात पाणी साठायचं. ताप पुन्हा येऊन दार आणखी बिघडू नये म्हणून दर एकवीस दिवसांनी कमरेत पेनिसिलीनचं इंजेक्शन. ते मीच द्यायचे. फार दुखतं ते. ती दोन दिवस लंगडायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, माझी बहीण नर्स नाही, कसाई आहे.

लग्न होऊन ती मोखाड्याच्या रस्त्याखालच्या एका पाड्यावर गेली. दिवाळी झाली की नवरा वीटभट्टीवर जायचा तो पावसाच्या तोंडाला यायचा. हिला भट्टीवर नेण्यात अर्थ नव्हता, म्हणून ही घरी सासूजवळ. माझं उपकेंद्र तिथून दीड तासाच्या वाटेवर. आठवड्याला एक फेरी व्हायची.

नव्या शतकाची पहिली दोन-तीन वर्षं असतील. एका धर्मादाय संस्थेने जव्हारमध्ये केंद्र उघडलं. आता ते नाही. एक गार खोली, त्यात कॉम्प्युटर, टीव्ही आणि टीव्हीवर बसवलेला कॅमेरा. दर दुसऱ्या गुरुवारी मुंबईच्या हृदयाच्या डॉक्टरीणबाई त्या टीव्हीत यायच्या आणि आमचे झडपेचे पेशंट समोर खुर्चीत बसायचे. मधल्या आठवड्यांत आम्ही नर्सनी पाड्यावर जाऊन वजन, नाडी, पायाची सूज, दम असा फॉर्म भरायचा, केंद्राने तो मुंबईला पाठवायचा. कुणाची झडप फुगा घालून उघडायची आणि कुणाची कापून बदलायची, कुणाची आत्ता आणि कुणाची नंतर, हे डॉक्टरीणबाई त्यावरून ठरवणार. मला ते फार आवडलं होतं. मुंबई इतकी जवळ आली होती की बसची वेळही बघायला नको. धाकटीचा नंबर लागावा म्हणून मीच धावपळ केली. केंद्रासाठी संस्थेने नर्स मागितल्या तेव्हा स्वतःचं नावही दिलं.

पहिल्या गुरुवारी धाकटीने खोलीबाहेर चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि टीव्हीला वाकून नमस्कार केला. डॉक्टरीणबाई हसल्या. चांगल्या होत्या त्या. त्यांनी विचारलं, "कशी आहेस?"

"बरी हाय."

"दम लागतो का?"

"नाय."

"पायऱ्या चढताना? काम करताना?"

"नाय. बरी हाय."

बाहेर आल्यावर मी तिला झापलं. "अगं, काल मला म्हणालीस छातीत भरून येतं!"

"मग? तेवढ्या मोठ्या बाईनं इचारलं, तिला काय रडगाणं सांगू?" धाकटी म्हणाली. "तुला काय रीत हाय का नाय, बाय?"

रीत तीच होती. आमच्याकडे मोठ्या माणसाने कशी आहेस विचारलं की बरी म्हणायचं. ते उत्तर नसतं, तो नमस्कारच असतो. दुखणं सांगायचं ते चुलीपाशी, भात-नाचणीच्या गोष्टींसारखं मधेच, कुणी विचारलेलं नसताना. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाने पडद्याला बरं आहे असंच सांगितलं. ओठ निळे पडलेल्या म्हाताऱ्यानेही. मुंबईत बसलेल्या बाईंना हे कसं कळणार? त्यांना आमची माणसं भलतीच काटक वाटली असतील.

मला उत्तर सापडलं ते पाण्याच्या वाटेवर. धाकटीच्या पाड्याचा झरा खाली ओहोळात होता आणि वर घरापर्यंत उभा चढ. त्या चढावर पाच सपाट दगड आहेत, कमरेइतके उंच. भरलेला हंडा जमिनीवर ठेवला तर एकटीला परत डोक्यावर घेता येत नाही, म्हणून बायका तो या दगडांवर टेकतात. धडधाकट बाई एकदा टेकते, तेही गप्पा मारायला. मी तिच्यामागून चालत होते. ती तीन ठिकाणी टेकली.

"मागं किती ठिकाणी टेकायचीस?"

"दिवाळीला एकावर. आता तीन लागतात." सरळ सांगितलं. लाज नाही, रडगाणं नाही. हे तिच्या लेखी दुखणं नव्हतंच, ही पाण्याची गोष्ट होती.

मी त्या दिवसापासून प्रत्येक बाईला तेच विचारलं. हंडा किती ठिकाणी टेकला? पुरुषांना विचारलं, नांगराच्या किती फेऱ्यांनी थांबता, लाकडाची मोळी कुठे उतरवता? सगळे खरं बोलले. डॉक्टरांच्या भाषेत त्याला काय म्हणतात ते नंतर कळलं, पण हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी फॉर्मच्या कडेला पट्टीने रेघ मारून एक रकाना केला आणि वर लिहिलं, दगड.

आता साहेब. त्या केंद्राचे प्रमुख. ते डॉक्टर नव्हते, पण गळ्यात ओळखपत्राची पट्टी अशी मिरवायचे की लोक त्यांच्यापुढे नाडी धरायला हात करत. बोलणं गोड, शर्टाला इस्त्री, आणि कागदावर खाडाखोड दिसली की कपाळावर आठी. माझा फॉर्म बघून ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

"सिस्टर, हे काय? मुंबईच्या हृदयाच्या डॉक्टर काय दगड वाचणार? छापील फॉर्ममध्ये दगडाचा रकाना आहे का?"

मी समजावून सांगितलं. चढ, हंडा, सगळं.

"पेशंट म्हणेल तेच लिहायचं," ते म्हणाले. "आपलं डोकं चालवायचं नाही. पेशंट बरी म्हणतेय ना? मग लिहा, ठीक."

त्यांनी लाल पेनाने माझा रकाना कापला, बाजूला अमान्य लिहून सही ठोकली आणि नवा कोरा फॉर्म भरून पाठवला. हे एकदा नाही, दर वेळी झालं. कापलेले फॉर्म ते टोपलीत टाकायचे आणि मी ते उचलून घरी आणायचे. का आणायचे ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं. केंद्रात माझं नाव पडलं दगडवाली. चहा द्यायला येणारासुद्धा विचारायचा, काय दगडवाल्या सिस्टर, आज किती?

आज चार, असं सांगायची वेळ आली होती. वजनाचा काटा मात्र हलत नव्हता, कारण धाकटीच्या अंगावरचं मांस उतरत होतं आणि तेवढंच पाणी चढत होतं. त्या गुरुवारी मी तिच्यासोबत खोलीत शिरले. पेशंटशिवाय कुणी आत यायचं नाही असा नियम होता, तो मोडला. टीव्हीकडे बघून मी एका दमात म्हटलं, "मॅडम, ही बरी नाही. ही चार ठिकाणी टेकते, बसून झोपते..."

साहेबांनी माइक हळूच स्वतःकडे ओढला. "मॅडम, या सिस्टर पेशंटच्या सख्ख्या बहीण आहेत. जरा घाबरल्या आहेत."

पडद्यावर डॉक्टरीणबाई मायेने हसल्या. म्हणाल्या, काळजी करू नका, रिपोर्ट सगळे ठीक आहेत, पावसाळ्यानंतर मुंबईला बोलावून घेऊ. मग चित्र अडकलं, त्यांचं हसू तसंच गोठून राहिलं, आणि साहेबांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. धाकटी उलट माझ्यावरच चिडली. चारचौघांत तिचं बिंग फोडलं म्हणून परतीच्या बसमध्ये ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिला उचलून मी तशीच मुंबईची बस पकडायला हवी होती. नाही पकडली. रिपोर्ट ठीक आहेत हे मॅडमच्या तोंडून ऐकल्यावर मलाच वाटलं, कोण जाणे, असतीलही.

मे महिन्यात झरा आटला आणि बायका आणखी खालच्या डबक्यावर जाऊ लागल्या. सासू हिला पाण्याला पाठवणार नव्हती म्हणे, पण हीच म्हणाली असेल, बरी हाय. सकाळी नऊच्या सुमारास मागून येणाऱ्या बायकांना ती पाचव्या दगडापाशी टेकून बसलेली दिसली. हंडा दगडावर नीट ठेवलेला, काठोकाठ भरलेला. चुंबळ तिच्या मांडीत होती. बायकांना वाटलं, दम खातेय. त्या पुढे गेल्या.

मी पोचले तेव्हा तो हंडा कुणीतरी घरी आणून ठेवला होता, आणि तिला शेवटचं न्हाऊ घालायला तेच पाणी घेतलं.

दहाव्यानंतर मी केंद्रात गेले. साहेबांच्या टेबलावर तिचा शेवटचा फॉर्म होता, वळणदार अक्षरात, ठीक. ते उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "ईश्वरेच्छा, सिस्टर. आपल्या नोंदी तरी व्यवस्थित होत्या." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथला पेपरवेट उचलून त्यांच्या त्या इस्त्रीच्या छातीवर मारावा असं वाटलं. मारला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. मी घरी आले, टोपलीतून उचललेले सगळे फॉर्म पाकिटात घातले आणि डॉक्टरीणबाईंच्या नावाने मुंबईला रजिस्टर पोस्टाने पाठवले. फक्त धाकटीचे माझ्याकडे ठेवले.

पंधरा दिवसांनी एसटीडी बूथवाल्याचं बोलावणं आलं, मुंबईचा फोन आहे. डॉक्टरीणबाईंना माझं पाकीट मिळालं होतं. म्हणाल्या, "हा रकाना माझ्यापर्यंत आधी का आला नाही?" मी म्हटलं, तो छापील नव्हता. त्यांनी संस्थेत काय केलं ते ठाऊक नाही. केंद्र वर्षाच्या आत बंद पडलं. साहेबांचं काही बिघडलं नाही, अशा माणसांचं बिघडत नसतं. त्यांची दुसऱ्या जिल्ह्यात वरच्या जागी नेमणूक झाली. जाताना त्यांना शाल-श्रीफळ दिलं. मी उंबरठ्याबाहेर उभी राहून टाळ्या ऐकल्या आणि मनात म्हटलं, साहेब, तुमचाही चढ येईल.

पुढे मोबाइल आले. टेकाडावर गेलं, एका हाताने झाडाची फांदी धरली की रेंज मिळायची. बाईंनी मला विचारलं, आपण दोघी मिळून फोनवरच पेशंट सांभाळायचे का? दर मंगळवारी मी प्रत्येकाला फोन लावायचा, किंवा त्याच्या पाड्यावर ज्याच्याकडे फोन असेल त्याला. बाईंनी नवा फॉर्म छापला आणि त्यात पहिलाच रकाना होता, दगड. खाली बारीक अक्षरात, पेशंटचे शब्द आणि नर्सचे मत, दोन्ही लिहावे. त्या फॉर्मवर माणसं जगली. चौथ्या दगडावर आलेली एक बाई वेळेत मुंबईला गेली आणि परत येऊन भाताची लावणी करू लागली. मला आनंद व्हायचा, आणि लगेच राग यायचा की हिच्या जागी ती का नाही.

पाच वर्षं झाली असतील. एका सोमवारी बाईंचा फोन आला. जव्हारचा एक नवा पेशंट आहे, वय साठच्या पुढे, हृदयातून रक्त बाहेर पडायचं दार चुना साचून घट्ट झालंय, ऑपरेशन लागणार आहे पण गृहस्थ टाळतायत, दर आठवड्याला नीट विचारत जा. दम वाढला तर थांबता येणार नाही. मी नाव लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. निवृत्त होऊन साहेबांनी जव्हारला दुमजली घर बांधलं होतं. इथली हवा मानवते म्हणे. बाईंना ते नाव आठवलं नाही. त्यांच्यासाठी ते कधीकाळी माइक ओढणारा एक हात होते. मीही आठवण करून दिली नाही. सांगितलं असतं तर त्यांनी हे काम दुसरीला दिलं असतं.

मंगळवारी मी फोन लावला. त्यांनी मला ओळखलं नसतं तर एक वेळ परवडलं असतं. त्यांनी ओळखलं.

"अरे, सिस्टर तुम्ही! आपल्या केंद्रातल्या! काय दिवस होते ते, नाही? तुमचं ते काहीतरी दगडांचं होतं ना?" आणि हसले. तेच हसू. दगड आठवत होते, माझी बहीण आठवत नव्हती.

"जिना चढताना किती वेळा थांबता?" मी विचारलं.

"छे हो. एकदाही नाही. एकदम ठीक."

ते बोलताना दर चार शब्दांनंतर श्वास घेत होते. एवढा जुना धंदा माझा, फोनवरून मला सगळं ऐकू येत होतं. फॉर्म समोर होता. कानात त्यांचाच आवाज घुमला, पेशंट म्हणेल तेच लिहायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. मी लिहिलं, ठीक. नर्सचं मत या रकान्यातही लिहिलं, ठीक. वळणदार अक्षरात लिहिलं.

दुसऱ्या मंगळवारी तेच, तिसऱ्याही. त्या तीन आठवड्यांत मला गाढ झोप लागली, जेवण गोड लागलं. खोटं कशाला बोलू? रात्रंदिवस मनाला टोचणी होती वगैरे लोक लिहितात. मला नव्हती. मी त्यांची आज्ञा पाळत होते.

चौथ्या मंगळवारी फोन त्यांच्या बायकोने उचलला. हळू आवाजात बोलत होती, म्हणजे साहेब जवळच असावेत.

"सिस्टर, ह्यांना सांगू नका मी बोलले म्हणून. आडवं पडता येत नाही हो यांना. आठ दिवस झाले, खुर्चीत बसून झोपतात. जिन्यात माझी शिवणाची खुर्ची ठेवायला लावलीय, मधे बसायला. आणि मला बजावलंय, फोनवर काही सांगायचं नाही, ठीक म्हणायचं."

धाकटी शेवटचा महिना नाचणीच्या कणगीला पाठ लावून झोपायची. मला एकदम ती कणगी दिसली. साहेब नाही दिसले, त्यांची दया आली असंही नाही. दिसली ती सासू, तिला बरी हाय म्हणून हंडा उचलून निघालेली धाकटी, आणि मागून आलेल्या बायका, ज्यांना वाटलं ती दम खातेय. या बाईने मी विचारलं नव्हतं तरी सांगितलं होतं, चुलीपाशी सांगतात तसं. तिला बरी हाय म्हणून परत पाठवायला माझी जीभ वळेना.

मी म्हटलं, "त्यांना आत्ता गाडीत घाला. कपडे बदलू नका, काही करू नका. मी मुंबईला कळवते."

त्याच दिवशी ते दाखल झाले आणि त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. बाई म्हणाल्या, आणखी एक मंगळवार निघाला नसता. मग म्हणाल्या, "तीन फॉर्म तर ठीक होते, अचानक कसं काय?" मी म्हटलं, पेशंट ठीक म्हणत होता. त्यांनी पुढच्या पेशंटचं विचारलं. त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. ते तीन कागद मी खोडले नाहीत, फायलीत तसेच आहेत.

साहेब धातूची झडप घेऊन परत आले. धातूच्या झडपेला जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी, आणि गोळीला जन्मभर पाठपुरावा. म्हणजे दर मंगळवारी, जन्मभर, मी. पहिल्याच फोनवर त्यांनी पुन्हा पुन्हा आभार मानले. माझ्यामुळे जीव वाचला म्हणाले.

मी म्हटलं, "थांबा, एक वाचून दाखवते." आणि टोपलीतले फॉर्म काढले. "संक्रांत, तीन दगड, दिवाळीला एक होता. शिमगा, चार दगड. चैत्र, पाच. प्रत्येकावर लाल रेघ, खाली अमान्य आणि तुमची सही. तुमच्या कोऱ्या फॉर्मवर प्रत्येक वेळी ठीक. ही माझी धाकटी बहीण, साहेब. पाचव्या दगडापाशी गेली."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मी घाई केली नाही.

बसल्यावर ते म्हणाले, "मला खरंच आठवत नाही, सिस्टर."

"मी आठवायला सांगितलंच नाही. जिन्यात किती वेळा थांबलात ते सांगा."

"दोनदा."

"लिहिते."

तो माणूस कागदांतला होता, कागद कसे भरतात ते त्याला ठाऊक होतं. थोड्या वेळाने त्याने अगदी हलक्या आवाजात विचारलं, "ऑपरेशनच्या आधी, त्या तीन मंगळवारी... तुम्ही काय लिहिलं होतं?"

"तुम्ही म्हणालात तेच."

"आणि मी गेलो असतो तर?"

"तर कागदावर ठीक असता," मी म्हटलं. "तीही होती."